रोगाला मोकळी वाट, शेतकऱ्याला नाका

महाराष्ट्राच्या सीमेवर उभ्या असलेल्या नाक्यांना आमचा रोखठोक सवाल आहे : तुम्ही आजवर एक तरी रोग अडवलात काय? टेंपो अडवलेत. हेडे अडवलेत. बाजारातून बैलजोडी घेऊन घराकडे निघालेला शेतकरी भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभा केलात, त्याच्या पावत्या उलट्यासुलट्या करून पाहिल्यात आणि त्याचा खिसा हलका झाल्यावरच गाडीला वाट दिलीत. पण लाळ-खुरकूत अडली काय? लम्पी अडला काय? कोंबड्यांचा बर्ड फ्लू अडला काय? उत्तर मंत्रालयाला ठाऊक आहे, जिल्हा परिषदेच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला ठाऊक आहे आणि ज्याच्या दावणीची गाय गेली त्याला तर पुरतेच ठाऊक आहे. जनावरांच्या आंतरराज्य वाहतुकीचे नियम दोन कारणांसाठी केले, असे सरकार सांगते : रोग पसरू नये आणि मुक्या जिवाचे हाल होऊ नयेत. आमचा आरोप असा की या दोन्ही कामांवर या नियमांनी कधीच पाणी सोडले आहे. आता ते गरिबाला रस्त्यात गाठण्याचे हत्यार झाले आहेत, आणि त्या हत्याराची मूठ कोणाच्याही हाती आहे.

2022 सालचेच पाहा. लम्पी हा रोग भारतात प्रथम 2019 मध्ये ओडिशात आढळला. म्हणजे आपल्याकडे तयारीला तीन वर्षे होती. 2022 च्या उन्हाळ्यापासून कच्छ आणि सौराष्ट्रात गाई पडू लागल्या, मग राजस्थानात मेलेल्या जनावरांचे ढीग लागले. त्याची छायाचित्रे रोज वर्तमानपत्रांत येत होती. एवढ्या काळात महाराष्ट्राने सीमेवर काय केले? ऑगस्टच्या सुरुवातीला रोग जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात दिसला. रावेर हा मध्य प्रदेशच्या सीमेला टेकलेला तालुका. रोगाने कुठून आत यावे हे नकाशावर बोट ठेवून सांगता येत होते! त्यानंतर महिनाभराने, सप्टेंबरात, सरकारला जाग आली आणि संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. बाजार बंद, यात्रा बंद, शर्यती बंद, वाहतूक बंद. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आमच्या पूर्वजांनी पशुसंवर्धन खात्यासाठीच रचून ठेवली असावी. लम्पीचा विषाणू माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो हे खरे; पण माशी तो एका गोठ्यातून शेजारच्या गोठ्यात नेते. शेकडो कोसांची मजल तो आजारी जनावराबरोबर गाडीत बसूनच मारतो. म्हणूनच वाहतुकीवर वेळेवर आणि नेमका निर्बंध हे या रोगावरचे खरे औषध होते. ते पाजायचे तेव्हा पाजले नाही आणि मग सगळ्या राज्याच्या नरड्यात एकदम ओतले. गाय मेली तर 30 हजार, बैल मेला तर 25 हजार, वासरू मेले तर 16 हजार अशी भरपाई जाहीर करून सरकारने हात झटकले. आज बरी संकरित दुभती गाय त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजल्याशिवाय दावणीला येत नाही. शिवाय बाजार बंद राहिल्याने ज्याची जनावरे धडधाकट होती पण विकता आली नाहीत, त्याचे नुकसान कोणत्याच वहीत नोंदले गेले नाही.

आम्ही निर्बंधांच्या विरुद्ध नाही, हे इथेच बजावून ठेवतो. आजारी जनावर सीमा ओलांडता कामा नये. घटनाकारांनी हे ओळखले होते. पशुधनाचे जतन आणि जनावरांच्या रोगांचा प्रतिबंध हा विषय त्यांनी राज्यांच्या सूचीत ठेवला. पण माणसांचे, जनावरांचे आणि पिकांचे रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू नयेत याची तजवीज मात्र समवर्ती सूचीत, 29 व्या नोंदीत केली. कारण उघड आहे. जो रोग सीमा ओलांडतो त्याच्याशी एकट्या राज्याने लढायचे नसते. या नोंदीच्या बळावर केंद्राने 2009 मध्ये प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम केला. कायदा वाचायला उत्तम आहे. त्यात नियंत्रित क्षेत्र आहे, रोगमुक्त क्षेत्र आहे, लसीकरणाचा दाखला आहे, तपासणी नाके आहेत आणि जनावरांना वेगळे ठेवून पाहण्याचे विलगीकरण तळही आहेत. कुठे आहेत हे तळ? महाराष्ट्राला सहा राज्यांच्या सीमा लागतात. त्या सीमांवर कोणत्या नाक्यावर जनावर उतरवायला धक्का आहे, प्यायला पाण्याची टाकी आहे, रात्री दहा वाजता ताप मोजणारा पशुवैद्यक आहे? गेल्या पाच वर्षांत सीमेवर किती गाड्या थांबवल्या, त्यांत किती जनावरे आजारी निघाली आणि किती नमुने प्रयोगशाळेत गेले, याचा तक्ता पशुसंवर्धन मंत्र्यांनी सभागृहाच्या पटलावर ठेवावा. दंड किती वसूल झाला हा रकाना त्यांनी वगळला तरी चालेल. तो आम्ही भरून घेऊ.

आता नवापूरला चला. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावाचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. हेच गाव कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र, आणि 2006 च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तोही इथेच. शेजारी गुजरातेतल्या उच्छलमध्येही त्याच सुमारास लागण झाली. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. पंधरा वर्षांनी, 2021 च्या फेब्रुवारीत, नवापूरच्या कुक्कुटपालकांवर पुन्हा तीच पाळी आली. लागण झालेल्या जागेभोवती एक किलोमीटरचे बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंतचे निगराणी क्षेत्र आखावे, असे सरकारी आराखडा सांगतो. नवापुरात असे वर्तुळ काढले की त्याचा मोठा तुकडा गुजरातेत पडतो. एका वर्तुळाला दोन जिल्हाधिकारी, दोन आदेश आणि दोन पशुसंवर्धन खाती. विषाणूने कोणाचा आदेश पाळावा? पंधरा वर्षांत या दोन राज्यांनी नवापूरसाठी एक संयुक्त पथक, एक प्रयोगशाळा आणि एक आदेश एवढे जरी उभे केले असते, तरी आम्ही हा परिच्छेद लिहिला नसता. त्याऐवजी 2021 मध्ये देशभर काय झाले ते आठवा. राज्यांनी एकमेकांच्या कोंबड्यांना दारे बंद करण्याची चढाओढ लावली. दिल्लीने बाहेरून येणाऱ्या जिवंत कोंबड्यांवर बंदी घालून गाझीपूरची मंडी बंद केली. ज्या जिल्ह्यात एकही पक्षी आजारी नाही तिथला तयार माल शेडमध्ये पडून राहिला. कोंबडी विकली नाही म्हणून तिचे खाणे थांबत नाही. वजन भरल्यानंतरचा प्रत्येक दिवस शेतकऱ्याच्या खिशातून जातो. त्या दिवसांची भरपाई कोणत्याही आदेशात नाही.

आणि हे ज्या प्राणिदयेच्या नावाने चालते तिचा नमुना पाहायचा असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 125 ई हा नियम वाचा. 2015 मध्ये तो घातला गेला. जनावरे नेणाऱ्या गाडीत प्रत्येक जनावरासाठी कायमचे कप्पे असावेत, गाई-म्हशीला दोन चौरस मीटर, शेळी-मेंढीला 0.3 चौरस मीटर, डुकराला 0.6, आणि कोंबडीला? 40 चौरस सेंटिमीटर! पत्त्यांच्या कॅटमधले एक पान याहून मोठे असते. दोन किलोची कोंबडी त्या जागेत उभी कशी राहणार, हे नियम लिहिणाऱ्याने, तपासणाऱ्याने, सही करणाऱ्याने, राजपत्रात छापणाऱ्याने, कोणीही स्वतःला विचारले नाही. ज्यांना कोंबडी केवढी असते हे माहीत नाही ते कोंबड्यांवर दया करायला निघाले आहेत. बरे, प्रत्येक पक्ष्याला कायमचा स्वतंत्र कप्पा असलेला ट्रक महाराष्ट्रातल्या कोणत्या रस्त्यावर धावतो, तो परिवहन मंत्र्यांनी आम्हाला दाखवावा. असा ट्रक नाही, म्हणजे कोंबड्यांची प्रत्येक गाडी बेकायदा आहे. आणि प्रत्येक गाडी बेकायदा असली की नाक्यावरच्या माणसाला आज कोणती अडवायची आणि कोणती सोडायची हे ठरवायला मोकळे रान मिळते. पाळता येणार नाही असा नियम केला की त्यातून हप्ताच जन्माला येतो, हे सरकारला कळत नाही असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही.

गुरांचे नियम तरी काय वेगळे आहेत? 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरे नकोत, सोबत काळजीवाहू हवा, पशुवैद्यकाचा दाखला हवा आणि गाडीत दुसरे कोणतेही सामान नको. सहा गुरांची मर्यादा आम्हाला मान्य आहे. पाय बांधून, माना मुरगाळून, एकावर एक रचून पंधरा-वीस गुरे नेणारे हेडे काही धुतल्या तांदळाचे नाहीत. त्यांच्यावर खटले भरा आणि ते शेवटास न्या. पण आता हाच नियम दसऱ्यानंतर बीडहून निघणाऱ्या ऊसतोड मजुराला लावून पाहा. मुकादमाकडून उचल घेतलेला हा माणूस बायकोपोरांसह कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर जायला निघतो. बैलजोडी, मोडती गाडी, चुलीचे तवे, बाजरीचे पोते आणि पोर असे सगळे त्याच एका वाहनात असते. सहा महिन्यांचा संसार तो दुसऱ्या ट्रकने कोणाच्या खर्चाने पाठवणार? त्याचे बैल म्हणजे त्याचे भांडवल. ते तो उपाशी ठेवत नाही, स्वतः उपाशी राहतो. तरीही नियमाच्या अक्षरानुसार तो गुन्हेगार. कत्तलखान्याच्या वाटेवरचे जनावर आणि उसाच्या फडाच्या वाटेवरचा बैल यांत या नियमांना फरक दिसत नाही, आणि तो दाखवण्याची इच्छा कोणत्याही सरकारला आजवर झालेली नाही. साखर कारखानदारांना तर त्याहून नाही, वास्तविक हा मजूर त्यांचाच.

पायी न्यावे म्हटले तर 2001 चे नियम आडवे येतात. सूर्यास्तानंतर गुरे चालवू नका आणि हवा तीस अंशांवर गेली तरी चालवू नका. मराठवाड्यात फेब्रुवारी सरला की दिवसा तीसच्या खाली पारा येतो कधी? उन्हात चालायला बंदी, रात्री चालायला बंदी. मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात शतकानुशतके घाट चढणारा-उतरणारा धनगर याला काय उत्तर देणार? तो काही उत्तर देत नाही. त्याने हे नियम ऐकलेलेच नाहीत. ते त्याला पहिल्यांदा कळतात ते काठी आपटणाऱ्या शिपायाच्या तोंडून.

या मालिकेतला सर्वांत निर्लज्ज नियम 2017 च्या मे महिन्यात आला. पशुबाजारांच्या त्या केंद्रीय नियमांत एक कलम असे होते की राज्याच्या सीमेपासून 25 किलोमीटरच्या आत जनावरांचा बाजार भरू नये. दिल्लीतल्या कोणा बाबूने नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली. त्या रेघेत आमचे उदगीर आणि देवणी गेले, मिरज गेले, कागल गेले. देवणी जातीची गुरे लातूर आणि बिदर या दोन्ही जिल्ह्यांतली. खिलार सांगली-सोलापूरचा तितकाच विजापूरकडचा. कृष्णाकाठच्या जनावराला नदी माहीत, राज्य नाही. डांगी गुरे नाशिक-नगरच्या डोंगरांत आणि गुजरातच्या डांगात. या जाती 1960 च्या आणि त्याआधीच्या राज्यरचनेला विचारून पैदा झालेल्या नाहीत. सीमेवर बाजार भरतात कारण दोन्हीकडचा शेतकरी तिथे पायी पोचतो. ते उठवायचे म्हणजे जनावरांना अधिक दूर, अधिक तास, गाडीत कोंबून न्यायला लावायचे. क्रौर्य थांबवणाऱ्या नियमाने क्रौर्य वाढवायचे! मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाने आठवडाभरात या नियमांना स्थगिती दिली आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली, म्हणून हे बाजार वाचले. सरकारच्या शहाणपणाने नव्हे.

त्याच दिवशी निघालेले दुसरे नियम मात्र जगले. खटल्यातील मुद्देमाल म्हणून जप्त झालेल्या जनावरांचे नियम. गाडी अडवली, गुन्हा नोंदला, की जनावरे गोशाळेत किंवा पांजरपोळात जातात, त्यांच्या खाण्यापिण्याच्या खर्चाचा बोजा गाडीमालकावर आणि माल पाठवणाऱ्यावर पडतो आणि त्या खर्चाला तारण म्हणून गाडीही अडकून राहते. खटला अजून उभाही नाही, दोष सिद्ध होणे तर लांबच. शेवटी निर्दोष सुटलेला शेतकरी आपली म्हैस मागायला जातो तेव्हा ती तिथे असते काय, हे ज्याने अनुभवले त्याला विचारा. 2021 च्या जानेवारीत सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने केंद्राला हेच सुनावले : मूळ कायदा दोष सिद्ध झाल्यावर जनावर काढून घ्यायला सांगतो, तुमचे नियम आधीच काढून घेतात, जनावर हे लोकांच्या पोटाचे साधन आहे, नियम बदला किंवा मागे घ्या. नागपूरच्या या सुपुत्राचे शब्द नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कोणाला आठवले नाहीत, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

असा कायदा आणि असे नाके असले की त्यांच्या सावलीत दुसरे नाके उभे राहतात. रात्री महामार्गावर गाड्या आडव्या लावून ट्रक अडवणाऱ्या टोळ्यांना कोणी नेमले? 2023 च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीच्या परिसरात, जनावरे आणि मांस नेल्याच्या संशयावरून झालेल्या मारहाणीत पंधरवड्याच्या अंतराने दोन तरुणांचे प्राण गेले. महाराष्ट्रात म्हशीच्या कत्तलीला बंदी नाही. गोवंश हत्याबंदी म्हशीला लागू नाही. तरी म्हशींच्या गाड्या अडतात, फुटतात, लुटल्या जातात. 2025 मध्ये राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी कंटाळून खरेदीच थांबवली, तेव्हा बाजार ओस पडले आणि हाक मारली ती शेतकऱ्यांनी. भाकड म्हैस विकून दुभती आणायची हा ज्याचा हिशेब, त्याच्या दारात भाकड तशीच उभी राहिली. मग सरकारने बजावले की गाड्या तपासण्याचा अधिकार पोलिसांचा, खासगी माणसाचा नव्हे. फार उपकार झाले! फौजदारी कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ हेच सांगत आहे. तो पाळायला परिपत्रकाची वाट पाहणारे गृहखाते नेमके कोणाला घाबरते? गोव्यात 2024 च्या नाताळाच्या तोंडावर बीफ विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली तीही अशाच दांडगाईला वैतागून. तिथली गोमांसाची गरज बरीचशी कर्नाटकातून येणाऱ्या जनावरांवर आणि मांसावर भागते आणि 2021 पासून कर्नाटकाच्या गोहत्याबंदीच्या नव्या कायद्याने ती वाट अरुंद केली आहे. ज्यांना गोमांस वर्ज्य आहे त्यांनी ते खाऊ नये. पण कायदेशीर माल घेऊन येणारा चालक सीमेवर जिवाच्या भीतीने घामाघूम व्हावा, हे कोणत्या धर्मात बसते?

आणि उपाय दारात पडलेला असताना हे चालले आहे, याचा आम्हाला खरा संताप आहे. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला आहे. 'भारत पशुधन' या संगणक प्रणालीवर त्या क्रमांकासमोर मालक कोण, लाळ-खुरकूतची लस कधी टोचली, हे नोंदवता येते. महाराष्ट्राने तर 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीच करू नये असा फतवा काढला. शेतकऱ्याने निमूटपणे जनावरांचे कान टोचून घेतले. पण त्या बिल्ल्याचा त्याला उपयोग काय? नाक्यावर मोबाईलवर क्रमांक टाकून जनावराची कुंडली पाहायची सोय असताना अजून कागदाचा दाखला, ग्रामपंचायतीचा शिक्का, बाजार समितीची पावती आणि वर वाटाघाटी, हे सगळे तसेच! बिल्ला ही फक्त शेतकऱ्यावरची सक्ती. सरकारने स्वतःवर कोणतीही सक्ती करून घेतलेली नाही. शेजारच्या सहा राज्यांनी तोच क्रमांक मान्य करावा, लस टोचलेल्या जनावराला त्याच क्रमांकावर सीमा ओलांडू द्यावी, साथ असेल तेव्हा ज्या गावात रोग आहे तिथलीच जनावरे अडवावीत आणि बाकीचे बाजार उघडे ठेवावेत. यासाठी नवा कायदाही लागत नाही. 2009 चा पुरतो. लागतो तो सीमेवर पगारावर नेमलेला पशुवैद्यक, आणि तिथेच घोडे पेंड खाते, कारण पशुवैद्यकाची पदे भरण्यापेक्षा शिपायाची शिट्टी स्वस्त पडते.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतील. बीडहून, जतहून, पाथर्डीहून बैल पुन्हा कर्नाटकाच्या वाटेला लागतील. तोवर महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन सरकारांनी एका टेबलावर बसून बिल्ल्याचा क्रमांक हाच दाखला मानण्याचा करार केलेला नसेल, लस टोचलेल्या बैलांसाठी रस्ता मोकळा झालेला नसेल, तर कागलच्या सीमेवर त्या मजुरांच्या बरोबरीने आम्ही उभे राहू. त्या दिवशी कोणत्या नियमाखाली कोणाची बैलजोडी अडवली हे अडवणाऱ्याने आम्हाला लेखी, सही आणि हुद्द्यासह द्यावे लागेल, आणि ते दुसऱ्या दिवशी याच जागी छापले जाईल.